पावलं मोजायची कुठून? ट्रॅव्हलिंगच्या वादामागची गोष्ट

आंतरशालेय स्पर्धांचा मोसम आला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बास्केटबॉल मैदानांवर एक ओरडा हमखास ऐकू येतो : "स्टेप्स! सर, स्टेप्स!" म्हणजे ट्रॅव्हलिंग झालं, चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पावलं टाकली. लेअपला, म्हणजे पळत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकायला, गेलेल्या पोराने तीन पावलं टाकलेली असतात, कडेला उभ्या असलेल्यांनी ती मोजलेली असतात आणि शिट्टी मात्र वाजत नाही. मग 'यांना नियमच ठाऊक नाही' इथपासून 'आपल्याच पोरांवर मुद्दाम' इथपर्यंत सगळं निघतं. पंच कन्नड शाळेतले पी. टी. सर आणि संघ मराठी शाळेचा असला की दुसरा आरोप जरा लवकरच निघतो. खरं तर बहुतेक वेळा भांडण पावलांचं नसतंच. चेंडू ताब्यात कोणत्या क्षणी आला हे ठरल्याशिवाय पहिलं पाऊल कुठलं, हेच सांगता येत नाही.

हा घोळ खेळाइतकाच जुना आहे. 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला जे तेरा नियम लिहिले गेले, त्यातला तिसरा सांगतो की चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. पण त्याच नियमात एक पळवाटही आहे : चांगल्या वेगात असताना झेलला आणि थांबायचा प्रयत्न दिसला, तर खेळाडूला सांभाळून घ्यावं. किती सांभाळायचं, याचा आकडा नाही. ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणं, तर त्या तेरा नियमांत नव्हताच, तो अडकलेल्या खेळाडूंनी शोधून काढला. पुढे त्याला आवरायचे प्रयत्न झाले, काही वर्षं ड्रिबल करणाऱ्याला बास्केट मारायलाही बंदी होती. ती 1908 मध्ये उठली आणि पळता पळता टप्पे देत थेट रिंगपर्यंत जाणारा आजचा खेळ शक्य झाला.

आपल्या मैदानांवरचा गोंधळ मात्र त्या काळातला नाही, तो 2017 चा आहे. त्याआधी आंतरराष्ट्रीय नियम असा होता की पळताना चेंडू पकडला त्या क्षणी एक पाय जमिनीवर असेल, तर तोच पिव्हट, म्हणजे ज्याच्यावर वळायचं तो रोवलेला पाय. तो उचलता येई, पण चेंडू हातातून सुटण्याआधी परत टेकवता येत नसे. म्हणजे टेकलेला पाय हिशोबात धरला जायचा. आज पन्नाशीत असलेल्या पी. टी. सरांनी हेच शिकलं आणि पोरांना 'एक-दोन-उडी' हेच घोटवलं. 1 ऑक्टोबर 2017 पासून हिशोब सरकला. चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेला पाय आता मोजायचाच नाही. त्यानंतर जो टेकेल तो पहिला, मग दुसरा. या न मोजलेल्या पावलाला खेळाडू 'झिरो स्टेप' म्हणतात. कडेला उभा असलेला माणूस तीन मोजतो, पंच दोन मोजतो आणि दोघांचंही मोजणं आपापल्या परीने बरोबर असतं.

ही सवलत चालत्या खेळाडूला आहे. जागेवर उभं राहून पास घेणाऱ्याला झिरो स्टेप नाही, त्याचा पिव्हट जुन्याच पद्धतीने ठरतो. आमच्याकडे सर्वाधिक चुका इथेच होतात : थांबलेला खेळाडू पास घेतो, एक लांब पाऊल टाकतो, मग टप्पा देतो आणि वर म्हणतो, "सर, झिरो!" आणखी एक बारकावा पोरं सोयीने विसरतात. पळताना पास घेऊन ड्रिबल सुरू करायचा असेल, तर दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा.

आता 'ताबा'. नियमपुस्तकाप्रमाणे चेंडू धरणारा आणि ड्रिबल करणारा, दोघांच्याही ताब्यात चेंडू असतो. पण ड्रिबल चालू असताना हात आणि चेंडूचा संपर्क नसतो तेव्हा कितीही पावलं चालतात. म्हणून ट्रॅव्हलिंगपुरता प्रश्न वेगळा : ड्रिबल संपला कधी? दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, किंवा चेंडू एका वा दोन्ही हातांत विसावला की संपला. दोन हातांचं सहज दिसतं. पोटात गोळा येतो तो 'विसावला' ठरवताना. चेंडू वर येतोय, हाताचा पंजा बाजूने खाली सरकतोय, पोरगा क्षणभर थांबल्यासारखं करतो आणि निसटतो. तळवा चेंडूखाली गेला आणि चेंडू थबकला, तर मोजणी तिथून सुरू. तळवा बाजूलाच राहिला, तर नाही. फरक डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. पंचाला त्याच क्षणी वर हात आणि खाली पाय, दोन्ही पाहायचे असतात.

उलट बाजूही आहे. हातातून निसटता, उडता चेंडू सावरत पोरगा चार पावलं पुढे गेला तरी ते ट्रॅव्हलिंग नाही, कारण ताबाच नव्हता. प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा ओरडा नेमका अशा निर्णयावर होतो. क्रिकेटमध्ये झेल पूर्ण व्हायला चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर, दोन्हींवर ताबा लागतो, हे कळणाऱ्यांना बास्केटबॉलमधलं हे पटायला हरकत नसावी, पण पटत नाही.

मोबाइलवरच्या क्लिप्सनी भर घातली. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने दोन पावलांची मुभा 2009 मध्ये पुस्तकात शब्दशः लिहिली आणि चेंडू गोळा करण्याच्या क्षणाची व्याख्या 2019 मध्ये. तिथलं मागे सरकून मारलेलं बास्केट टिळकवाडीतली पोरं दुसऱ्या दिवशी शाळेच्या सिमेंटवर करून पाहतात. सांगणाऱ्याचा आव असा की, तिथे चालतं म्हणजे इथे चाललंच पाहिजे. चंदगड, गडहिंग्लजहून आलेले संघही तोच दावा करतात. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आंतरराष्ट्रीय पुस्तक एकच आहे, निदान या रेषेसाठी कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलेलं नाही.

2017 चा बदल मला योग्यच वाटतो, वेगवान खेळात पाय हवेत आहे की जमिनीवर यावरून बास्केट रद्द करणं जाचक होतं. पण त्याने सगळं ओझं ताब्याच्या क्षणावर टाकलं, आणि तो टिपायला मोठ्या सामन्यांत तीन पंच असतात. तालुका पातळीवर दोन मिळाले तरी बरं. त्यात श्रावणातली सर पडून गेलेली असली की ओल्या सिमेंटवर पिव्हटचा पाय घसरतो, आणि घसरला की सरकवला, हा नवा वाद. पडद्यावर पुन्हा पाहून ट्रॅव्हलिंग तपासण्याची सोय आंतरराष्ट्रीय सामन्यांतही नाही. पंचाने दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की चेंडू समोरच्या संघाचा.