पर्यावरण आणि परिसंस्था: लोणारचं उदाहरण

पर्यावरण म्हणजे कुणाच्या तरी भोवतालचं सगळं. यातलं ‘कुणाच्या तरी’ विसरलं की पर्यावरण आणि परिसंस्था यांची गल्लत सुरू होते. खडक, माती, पाणी, हवा, ऊन हे अजैविक घटक. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव हे जैविक. ही यादी शाळेत आपण पाठ केलेली असते. परिसंस्था म्हणजे या घटकांचं एका ठिकाणी सतत चाललेलं आपापसातलं देणंघेणं. टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ही संकल्पना १९३५ मध्ये मांडली.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार बघा. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तळाशी खारं, अल्कधर्मी सरोवर. उतारावर मात्र गोड्या पाण्याचे झरे आहेत, झाडी आहे, मोर आणि वानरं आहेत. जागा एकच, पण वानराचं पर्यावरण वेगळं आणि सरोवरातल्या नीलहरित शेवाळाचं वेगळं. ज्या पाण्याला वानर तोंड लावणार नाही, त्यातच हे शेवाळ फोफावतं.

तिथली परिसंस्था जून २०२० मध्ये डोळ्यांना दिसली. सरोवराचं पाणी चक्क गुलाबी झालं! विवरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्या उन्हाळ्यात पातळी घटली, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बेसुमार वाढले. गुलाबी रंग त्यांच्याच रंगद्रव्याचा, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं. पावसाने क्षार विरळ झाल्यावर रंग ओसरला. ऊन, पाणी, क्षार, जीव सगळे आधीपासून तिथेच होते. एकाचं प्रमाण हललं आणि बाकीचे हलले.

१९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात पाणी, हवा, जमीन यांच्याबरोबर त्यांचे सजीवांशी असलेले परस्परसंबंधही पर्यावरणाच्या व्याख्येत येतात, अगदी मालमत्तेशी असलेलेसुद्धा. त्यामुळे कायद्याची भाषा वाचणाऱ्याला पर्यावरण आणि परिसंस्था एकच वाटलं तर नवल नाही.

संवर्धनाच्या कामात मात्र हा फरक धरायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. काठावरचा प्लास्टिकचा कचरा उचलणं गरजेचंच आहे, पण सांडपाणी सरोवरात उतरत राहिलं तर परिसंस्थेतलं खारटपणा आणि पोषकद्रव्यांचं गणित बिघडतं. विवरात पसरलेली वेडी बाभूळही लांबून छान हिरवी दिसते, पण ती बाहेरून आलेली आहे, स्थानिक झाडोऱ्याची जागा बळकावते. लोणारमध्ये ती मुळासकट काढणं हेसुद्धा संवर्धनच आहे.