‘नवीन गेम’ आपल्यापर्यंत कसा पोचत गेला

रॉकस्टार या गेम कंपनीने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, तेव्हा गेमिंगचं वेड असलेली तरुण पोरं चिडली. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आणि आता नोव्हेंबर. चाळिशीतल्या आम्हा जुन्या खोडांना मात्र त्याचं फारसं काही वाटलं नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी याच मालिकेतला जुना ‘व्हाइस सिटी’ खेळला तोच मुळी जगाचा खेळून झाल्यावर. गेम कधी निघाला आणि तो आपल्या हातात कधी आला, या दोन तारखांत वर्षानुवर्षांचं अंतर असणं हेच आपल्याकडचं गेमिंग होतं. ते अंतर कशामुळे पडलं आणि कसं कमी होत गेलं, याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात निन्टेंडो या जपानी कंपनीपासून. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र १४,८०० येनला विक्रीला आलं. अमेरिकेत तेच यंत्र १९८५ मध्ये एनईएस म्हणून गेलं. मराठी घरांत ते शिरलं नव्वदच्या दशकात, आणि तेही भलत्याच नावांनी. लिटल मास्टर, मीडिया, नाहीतर खोक्यावर नुसतंच ‘टीव्ही गेम’. तैवानमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या चिपांची नक्कल केली होती. पुढे तर अख्खं सर्किट एकाच चिपमध्ये बसवलं गेलं. असं यंत्र बिघडल्यावर उघडलं की आत हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा दिसे आणि बाकी खोकं रिकामं. दुरुस्त करणारा माणूस तो गोळा बघून मान हलवायचा. त्यात दुरुस्त करण्याजोगं काही नसेच.

कॅसेटही तशाच. खऱ्या फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असत, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडची यंत्रं ६० पिनांची, त्यामुळे अमेरिकेतल्या मामाने हौसेने आणलेली अस्सल कॅसेट आपल्या मशीनमध्ये बसतच नसे. जी बसे ती ‘९९९९ इन १’. यादी खाली सरकवत गेलं की मारिओ पुन्हा येई, पुन्हा येई, फक्त दर वेळी वेगळ्या स्टेजपासून सुरू होई. मोजून बघितलं तर खरे गेम मूठभरच असत. पण दुकानदाराने खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं की वडील खिशात हात घालत.

त्या मूठभर गेममध्ये मात्र अव्वल काम होतं. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. रोज सकाळी मोबाईलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा याहून जड असतो. फॅमिकॉमची मुख्य मेमरी २ किलोबाइट, म्हणून शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवडी कवडी वाचवली. आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. आम्ही ते वर्षानुवर्षं बघत होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

‘डक हंट’ची बंदूक हा दुसरा चमत्कार. चाप ओढला की क्षणभर अख्खा पडदा काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीतून काही सुटत नसे. उलट नळीतला सेन्सर टीव्हीकडून येणारा उजेड टिपायचा. आधी अंधार, मग उजेड, हा क्रम जमला तर बदक पडलं. म्हणून ट्यूबलाइटवर नेम धरून गुण मिळवायची चलाखी चालत नसे. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चित्र तत्क्षणी उमटतं, आजच्या सपाट टीव्हीवर थोडं मागे राहतं, त्यामुळे माळ्यावरची ती बंदूक आता काढली तर एकही बदक मरणार नाही.

घरोघरी दोन अफवा होत्या. पहिली, व्हिडिओ गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. दुसरी, अडॅप्टर तापला की स्फोट होतो. पहिलीला फारसा आधार नव्हता. दुसरी निदान निम्मी खरी असावी, कारण तो अडॅप्टर भाकरीच्या तव्याइतका नाही तरी बऱ्यापैकी तापायचा, आणि आई ‘अर्धा तास बंद ठेवा’ म्हणे ते उगाच नसे.

या यंत्राने मुलांचे मैदानी खेळ संपवले असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मे महिन्यात संध्याकाळी क्रिकेट होतंच, गोट्या होत्या, विटी-दांडू होता, लगोरी होती, संक्रांतीला पतंग होते. व्हिडिओ गेमने जागा घेतली ती भर दुपारची. उन्हात बाहेर जायचं नाही असा हुकूम असे आणि त्या वेळात पत्ते, कॅरम, व्यापार चाले. मुकाटपणे गेला तो व्यापारचा डाव. शिवाय टीव्ही गेमही चारचौघांतच खेळला जाई: रिमोट दोन, पोरं सहा, आणि ‘तुझी लाईफ गेली, आता दे’ यावरून भांडणं. ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेममध्ये ३० लाईफ मिळवायची किल्ली (रिमोटवर वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, मग बी आणि ए ही बटणं) आमच्या गल्लीत कुठल्या मासिकातून आली नव्हती. कोणाच्या तरी आतेभावाने सुट्टीत आणली होती. ‘कॉन्ट्रा’ काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ हा दुसरा गेम तपासताना तो स्वतःलाच फार कठीण जातो म्हणून ही किल्ली घातली होती. जपानच्या कचेरीतली ही सोय तोंडातोंडी फिरत इचलकरंजीपर्यंत पोचली, याचं मला आजही नवल वाटतं.

गावात आणि जत्रेत नाणं टाकायची मशीनंही होती, त्यांचा राजा ‘मुस्तफा’. कॅपकॉमच्या १९९३ च्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, मुस्तफा हा त्यातल्या चौघांपैकी एक, पिवळी टोपीवाला. पार्लरवाल्यालाही खरं नाव ठाऊक नसायचं.

अधिकृत दुकानी माल नव्हता असं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीची यंत्रं शॉ वॉलेसने भारतात आणली, म्हणजे दारूच्या धंद्यात नाव असलेल्या कंपनीने. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जकात जबर होती आणि सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राची किंमत सुमारे १८,००० रुपये. तेवढ्यात तेव्हा घरात रंगीत टीव्ही येई. नकली यंत्रं फोफावली यामागे चोरीची हौस कमी आणि हा हिशोब जास्त होता.

नंतर संगणक आला. महाराष्ट्रात तो बऱ्याच घरांत अभ्यासाच्या नावाखाली आला, हे सांगायलाच हवं. संगणक शिकवणारं एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं, त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र नोकरीसाठी लागू लागलं, आणि ‘सरावासाठी’ म्हणून हप्त्यावर पीसी घेतला गेला. सराव एक्सेलचा कमी, ‘रोड रॅश’ या मोटरसायकलींच्या गेमचा अधिक. सीडी मिळायची ठिकाणं ठरलेली: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. प्लास्टिकच्या पिशवीत सीडी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव, बहुधा चुकीच्या स्पेलिंगमध्ये.

त्या काळचा आपला खरा राष्ट्रीय गेम म्हणजे ‘प्रोजेक्ट आयजीआय’. २००० च्या अखेरीस आलेला, इनरलूप नावाच्या नॉर्वेच्या स्टुडिओने केलेला. बाहेर त्याला पुढे फार कोणी विचारलं नाही, आपल्याकडे मात्र प्रत्येक सायबर कॅफेत तो होता, कारण साध्या पीसीवरही चाले. त्यात एक खोड होती. मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येत नसे. तासभर सरपटत कुंपण तोडून, कॅमेरा चुकवून, शेवटच्या इमारतीपाशी यावं आणि दिवे जावेत. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतली पोरं हा गेम वेळापत्रक बघून खेळत. वीज कधी जाणार हे पेपरात छापून येई, त्याआधी किती मिनिटं उरली हे बघून मोहीम निवडायची. गेम डिझाइनवर एवढा परिणाम महावितरणने केला असेल हे नॉर्वेत कोणाला सांगून पटलं नसतं.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘क्रिकेट ०७’. ईए या गेम कंपनीने तो नोव्हेंबर २००६ मध्ये काढला आणि त्यानंतर क्रिकेटचा असा मोठा गेम काढलाच नाही. परवाने इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे, त्यामुळे भारतीय खेळाडूंची नावं मोडतोड करून घातलेली. पहिलं काम काय, तर ती नावं दुरुस्त करणं. आणि मग थांबायचं कोणी? चाहत्यांनी जर्सी बदलल्या, चेहरे बदलले, मैदानं घातली, आयपीएलचे संघ घातले. पॅच, म्हणजे अशा बदललेल्या फाइलींचा गठ्ठा, उतरवून घ्यायचा, झिप सोडायची, गेमच्या फोल्डरमधल्या मूळ फाइलींवर नव्या फाइली चिकटवायच्या, रोस्टरची, म्हणजे खेळाडूंच्या यादीची, फाइल वेगळी भरायची, आणि काही बिघडलं तर सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. दरवर्षी आयपीएलचा लिलाव झाला की नवा पॅच येई. कंपनीने सोडून दिलेला गेम आपल्याकडच्या हौशी पोरांनी दरवर्षी नवा करून खेळला, फुकटात. ‘नवीन गेम’ बाहेरून यायची वाट न बघता घरीच केला गेला, असं हे मला माहीत असलेलं पहिलं उदाहरण. कित्येकांना फाइल, फोल्डर, टेक्स्चर म्हणजे काय हे तिथेच कळलं. एमएस-सीआयटीच्या परीक्षेत नाही.

उलट उदाहरण २००९ चं. हैदराबादच्या गेमशास्त्रने प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ केला. त्यात कबड्डी, विटी-दांडू, पतंगबाजी. कल्पना छान, पण विटीच्या टोकावर टोला मारून ती उडवणं हे मनगटाचं काम, ते बटणावर उतरत नाही. आणि विटी-दांडू खेळून मोठी झालेली बहुतेक मंडळी प्लेस्टेशन घेत नव्हती, प्लेस्टेशन घेणाऱ्या घरातल्या पोरांनी विटी-दांडू खेळला नव्हता. गंमत म्हणजे प्लेस्टेशन २ जपानमध्ये २००० साली आला होता आणि जगात तोवर प्लेस्टेशन ३ सुरू झाला होता. नऊ वर्षं जुनं यंत्र आपल्याकडे अजून ताजं होतं.

अंतर कमी केलं ते इंटरनेटने, आणि तेही हप्त्याहप्त्याने. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असे. गजर लावून उठून डाउनलोड सुरू करणारी एक पिढी आहे. पहाटे येणारा दूधवाला आणि संगणकाचा पंखा यांचे आवाज तिला सारखेच ओळखीचे. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत दिसू लागल्या आणि क्रेडिट कार्डाशिवाय, डॉलरचा गुणाकार न करता गेम विकत घेता येऊ लागला. चोरीची सीडी घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी पहिला अस्सल गेम त्यानंतरच घेतला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. हा गेम शेतातल्या बांधावरचं पोरगं आणि परदेशातलं पोरगं एकाच वेळी खेळत होतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅपांवर बंदी घातली, त्यात तो गेला, आणि २ जुलै २०२१ ला बीजीएमआय नावाने परतला. घरातल्या मोठ्यांनी त्याला दिलेल्या शिव्या टीव्ही गेमला दिलेल्या शिव्यांहून निराळ्या नव्हत्या, पण निदान एक आक्षेप रास्त होता: याला दुपारची मर्यादा नव्हती.

म्हणजे अंतर मिटलं का? यंत्रांच्या बाबतीत अजून नाही. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. आणि निन्टेंडो? ज्या कंपनीच्या गेमवर आमचं अख्खं बालपण गेलं तिने आपलं स्विच हे यंत्र इथे अधिकृतपणे विकण्याची व्यवस्था केलेली नाही. याचा कळस २०२० मध्ये झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ केला. भावाला सोडवायला निघालेली एक मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितलेली तिची गोष्ट, राजस्थानी महालांसारखी वास्तुरचना, मधे मधे सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो तडीस नेला. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा गेम सर्वांआधी आला तो निन्टेंडो स्विचवर. म्हणजे पुण्यात घडलेला गेम पुण्यातल्या माणसाला पहिल्या दिवशी खेळायचा तर इथे अधिकृतपणे न विकलं जाणारं यंत्र हवं. पीसी आणि प्लेस्टेशनवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकणार अशा लढाईचा गेम, ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला, तो मोबाईलवर, म्हणून तो प्रश्न आलाच नाही. आणि ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या कर्त्यांचा आपल्याशी धागा निव्वळ ग्राहकाचा राहिलेला नाही. १९९७ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेला ध्रुव इंटरअॅक्टिव्ह हा स्टुडिओ रॉकस्टारने २०१९ मध्ये विकत घेतला आणि आपल्या तिथल्या शाखेत सामावून घेतला.

सहावा भाग जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठीच. पीसीचं नाव त्यात नाही, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या वर्गाला पुन्हा थांबणं आलं. पाचवा भाग कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या गेमच्या यंत्रांवर, सप्टेंबर २०१३ मध्ये आला होता, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. तेवढ्या वेळात एखाद्याने कन्सोलसाठी पैसे जमवले असते. मी जमवतोय. आणि जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ हवा असेल तर रस्ता जुनाच आहे: बाहेरून आणलेला माल, दुकानागणिक वेगळा भाव, आणि वॉरंटी विचारली की दुकानदार म्हणणार, ‘मी आहे ना.’