रेल्वेचा चढ आणि सायकलवाल्याचे पाय

बेळगावातून कुणी सायकलवर बॅगा बांधून निघालं की घरच्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घाट केवढा उंच आहे?" मला विचाराल तर उंचीपेक्षा ती उंची किती लांबीत चढायची आहे ते आधी बघावं, कारण पाय मोडतात ते त्यानेच. आणि हे गणित आपल्या भागात १८८०च्या दशकात रेल्वे बांधणाऱ्यांनी इतकं नीट सोडवून ठेवलंय की सायकलवाल्याने ते एकदा तरी समजून घ्यायलाच पाहिजे.

खानापूर, गुंजी, लोंढा, तिनईघाट करत गाडी कॅसलरॉकला पोचते आणि तिथून खाली गोव्यात कुळ्यापर्यंत ब्रागांझा घाट उतरते. अंतर साधारण २६ किलोमीटर, उतरण पाचशे मीटरच्या वर. याच डोंगरावरून दूधसागर ३१० मीटर खाली पडतो आणि त्याच्यासमोरून जाणाऱ्या रुळांचा सगळ्यात कडक चढ किती, तर ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणजे जेमतेम २.७ टक्के. एवढ्याशा चढाला मालगाडीला जादा इंजिनं लावावी लागतात हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं पण कारण सरळ आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच कमी अडतं, सपाटीवर एक टन वजन ओढायला एक-दोन किलोचा जोर पुरतो. त्याच गाडीला २.७ टक्के चढ लागला की टनामागे वरचे २७ किलो वाढले, म्हणजे एकदम पंधरा-वीस पट काम! शिवाय रूळ पावसात ओले झाले की चाकाची पकड कमी होऊन इंजिन जागच्या जागी घसरायला लागतं. म्हणून रेल्वेवाला डोंगराला सरळ भिडतच नाही, तो लांबून वळसा घेतो, कटिंग मारतो म्हणजे डोंगर कापतो, दरीत भराव टाकतो, बोगदा खणतो, काहीही करतो पण चढ वाढू देत नाही.

आता सायकलकडे या. रबरी टायर डांबरावर टनाला पाच-सहा किलो अडतो म्हणजे रुळापेक्षा तीन-चार पट जास्त, पण चढाचं दुखणं दोघांचं एकच. समजा माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो. रोज थोडीफार सायकल मारणारा माणूस तासन्‌तास १२० वॅट देऊ शकतो असं धरू, म्हणजे फार दमत पण नाही आणि रमतगमत पण नाही. एवढ्या ताकदीत सपाट रस्त्यावर वेग येतो ताशी साधारण २२ किलोमीटर, एक टक्का चढावर १८, ब्रागांझासारख्या २.७ टक्क्याला १२-१३, आणि ८ टक्के चढाला साडेपाच. साडेपाच म्हणजे भरभर चालणाऱ्याचा वेग, सायकलचा तोल पण धड राहत नाही, हँडल डावीउजवीकडे ओढत बसावं लागतं. आपल्या देशातल्या घाटरस्त्यांचे नियम साधारण ५-६ टक्के चढ धरून चालतात आणि अगदी नाइलाज असेल तिथे ७-८ पर्यंत परवानगी देतात, कारण ट्रक-बसच्या इंजिनाला तेवढं झेपतं. आपल्या पायाला झेपतं की नाही हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नाही.

बरं, उंची तीच असेल तर एकूण काम पण तेवढंच ना, मग फरक कशाला पडावा? ९० किलो ५०० मीटर वर न्यायला साधारण ४४० किलोज्यूल लागतात, कुठल्याही रस्त्याने न्या. स्नायू खाल्लेल्या अन्नातला चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतात, बाकी सगळं घाम आणि उष्णतेत जातं, त्यामुळे हिशोब सोपा होतो: पेडलवर एक किलोज्यूल काम म्हणजे पोटातली जवळपास एक किलोकॅलरी. म्हणजे ४४० कॅलरी, एवढं तर पोटभर न्याहारीत निघून जातं. पण तेच काम कडक चढावर दर सेकंदाला जास्त मागितलं जातं, एका मर्यादेपुढे गेलं की स्नायूंना लागेल तेवढा ऑक्सिजन पुरत नाही, श्वास चढतो, मांड्या भरून येतात आणि साठवलेली साखर भराभर जळते. शरीरात ही साखर चारपाचशे ग्रॅमच असते. सौम्य चढावर आपण त्या मर्यादेच्या आत राहतो आणि चरबी पण जळत राहते, म्हणून माणूस दिवसभर चालवू शकतो.

मग कडक चढावर करायचं काय, तर गिअर. आमच्याकडे दूधवाले, पेपरवाले पिढ्यान्‌पिढ्या काळी सायकल चालवत आले, पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८, पेडलच्या एका फेरीला साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीला ही एकदम मस्त, पण ८ टक्के चढाला साडेपाचच्या वेगात पाय मिनिटाला जेमतेम १७ वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत पेडलवर सरासरी ४० किलोचा दाब ठेवावा लागतो, वरच्या आणि खालच्या टोकाला पाय काहीच जोर लावू शकत नाही म्हणून मधल्या भागात तो साठच्या पुढे जातो. म्हणजे अख्खं अंग पेडलवर टाकायचं. म्हणून ते काका चढ आला की उतरून हाताने सायकल ढकलतात आणि ते अगदी शहाणपणाचं आहे, गुडघे त्यामुळेच टिकले त्यांचे. तेच पुढे २४ दात आणि मागे ३४ असले तर एका फेरीत दीड मीटरच पुढे जायचं, पण पाय मिनिटाला साठ वेळा आरामात फिरतो आणि दाब ११ किलोवर येतो. टूरसाठी सायकल घेताना माझा आग्रह याच एका गोष्टीचा असतो, मागचं सगळ्यात मोठं चक्र पुढच्या सगळ्यात लहान चक्रापेक्षा मोठं पाहिजे. कार्बन फ्रेम वगैरे नंतर बघा.

रेल्वेच्या बांधणीत आणखी दोन गोष्टी मला फार आवडतात. एक, वळणावर गाडी जास्त अडते म्हणून तिथे चढ मुद्दाम थोडा कमी केलेला असतो. दुसरी, स्टेशनचं यार्ड जवळपास सपाट ठेवतात, चढ ४०० मीटरला १ पेक्षा जास्त चालत नाही आणि शक्यतो हजाराला एक, कारण उभा डबा आपोआप घरंगळायला नको. म्हणून जिथे जुने बंद पडलेले रेल्वेमार्ग रूळ काढून सायकलला दिलेत तिथे दर काही किलोमीटरला विसाव्याची सपाट जागा आपसूकच मिळते. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल असाच आहे, २००० साली पूर्ण खुला झाला, सुमारे १५० किलोमीटर लांब, आणि डोंगराळ मुलूख असून चढ कुठेही ५०ला १ च्या वर नाही. नातवंडांपासून आजीपर्यंत सगळी तिथे सायकल चालवू शकतात ते त्या आकड्यामुळेच. आपल्याकडे लोंढा-कॅसलरॉकचे रूळ चालू आहेत, त्यावरून सायकल काय पायी जाणं पण बेकायदेशीर आणि जिवावरचं आहे, फोटोसाठी पण जाऊ नका प्लीज. पण उद्या कुठे मार्ग सरळ करताना जुना भराव मोकळा झाला तर तो मुरुमासाठी खणून न्यायच्या आधी सायकलला द्यावा असं मला मनापासून वाटतं, तसला सौम्य उतार पुन्हा बांधायला कुणाला परवडणार नाही.

तोपर्यंत आपण रस्ते निवडताना ही अक्कल वापरू शकतो की! बेळगावहून जांबोटी करून कणकुंबीला जायचं म्हटलं तर बघा. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, कणकुंबी ८०० च्या जवळपास, म्हणजे कागदावर फरक नाहीच, पण वाटेत ओढ्यानाल्यांची इतकी खोरी आडवी येतात की चढउतार मिळून त्याच्या कितीतरी पट होतं. उतारावर मिळालेला वेग हवेत आणि ब्रेकमध्ये वाया जातो, पुढच्या चढाला पूर्ण परत मिळत नाही. रेल्वेवाल्याने इथे कटिंग आणि भराव घालून हेच सगळं सपाट केलं असतं. कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे, तिचं पाणी पूर्वेला कृष्णेत जातं, आणि जवळच भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला समुद्राकडे पळते. दोघींच्या मधला हा उंचवटाच सांगतो की पूर्वेकडे उतार सौम्य आहे आणि पश्चिमेकडे कडा. म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्याने मलप्रभेच्या अंगाने, रेल्वे जाते त्या खानापूर बाजूने जावं, वर्दळ सांभाळून, कणकुंबीच्या पुढे गोव्यात उतरणारा चोर्ला घाट नंतर. आणि हुक्केरी-गोकाक बाजूला घटप्रभेच्या कालव्याकाठचे रस्ते असतील तर सोन्याहून पिवळं, कालव्याला किलोमीटरला फूटभर उतार पण पुष्कळ होतो.

माती पण बघून घ्या. जांबोटीकडे जांभा, त्याचे बारीक खडे सुकल्यावर टायरखाली फिरतात, तिथे हवा थोडी कमी ठेवलेली बरी, टायर खड्ड्यावर उडत नाही आणि अंगाला बसणाऱ्या हादऱ्यात ताकद वाया जात नाही. निपाणी-चिकोडीकडे काळी माती, पाऊस पडला की तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही, तिकडे पावसात डांबर सोडूच नये.

आणि उतरताना ब्रेक. ८ टक्के उतारावर २५ च्या वेगाने उतरलं तर हवा आणि टायर खातील ते वजा करून सव्वातीनशे वॅटच्या आसपास उष्णता दोन ब्रेकमधून बाहेर पडावी लागते. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ती उष्णता रिममधून ट्यूबपर्यंत पोचते, चिकटवलेलं पंक्चर सुटू शकतं. चोर्ला उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका, वेग वाढू दे, मग दोन्ही ब्रेक जोरात दाबून कमी करा आणि सोडा, मधल्या वेळात वारा रिम थंड करतो. सामान जास्त असेल तर अर्ध्या घाटात थांबून रिमला जपून बोट लावून बघा, चटका बसला तर दहा मिनिटं सायकल उभी करा.