बर्लेस्क जागं केलं ते सिनेमाने नव्हे

शेर आणि क्रिस्टिना ॲगिलेरा या गायिकांचा ‘बर्लेस्क’ हा सिनेमा 2010च्या नोव्हेंबरात आला. बर्लेस्क म्हणजे विनोदाची फोडणी देत, भपकेबाज पोशाख हळूहळू उतरवत केला जाणारा रंगमंचावरचा नाच. विझलेली ही कला सिनेमानेच पुन्हा पेटवली, असं तेव्हापासून बिनदिक्कत सांगितलं जातं. सिनेमा मलाही मनापासून आवडतो, पण हे श्रेय त्याचं नाही.

पुनरुज्जीवन 1990च्या दशकातच सुरू झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये छोटे प्रयोग होत होते, लॉस एंजेलिसमध्ये ‘व्हेल्वेट हॅमर’ हा संच उभा राहिला होता.

त्याआधीचा धागा तर थेट कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात सापडतो. हेलेंडेलजवळच्या एका जुन्या शेळीपालन केंद्रात डिक्सी इव्हान्स या निवृत्त नर्तकीने संग्रहालय सांभाळलं. तिथे पिसांचे पंखे होते, टिकल्यांचे पोशाख होते, जुने फोटो होते. मूळ कल्पना तिची मैत्रीण जेनी ली हिची. 1990मध्ये ती वारली. पुढे तिथेच दरवर्षी स्पर्धा भरू लागली आणि सत्तरीतल्या नर्तकींसमोर विशीतल्या मुली नाचू लागल्या. कला हातातून हातात गेली ती अशी. मला तरी हे दृश्य कुठल्याही सिनेमापेक्षा मोठं वाटतं.

सिनेमाने प्रेक्षक वाढवले, हे खरंच. पण तो आला तोवर ते संग्रहालय लास व्हेगासला हलूनही चार वर्षं झाली होती.