काळा : खान्देशातला एक रंगशब्द

काळा हे मराठीतलं रंग सांगणारं विशेषण, लिंगाप्रमाणे काळा-काळी-काळं असं बदलतं. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत (जुन्या हिशोबाने मालेगाव-बागलाणकडचा पट्टा आणि तिकडे बऱ्हाणपूरसुद्धा यात येतं), हा शब्द रंगापुरता राहत नाही. काळी म्हणजे शेती, काळा म्हणजे मसाला, काळी म्हणजे गळ्यातली पोत, आणि नुसतं "काळीत गेलाय" म्हटलं तरी माणूस शेतावर गेला हे कळतं. एवढे चांगले अर्थ एका रंगाला क्वचितच मिळतात आणि म्हणूनच या शब्दाची नोंद खान्देशच्या बाजूने व्हायला हवी असं वाटतं, कारण कोशांमध्ये बघितलं तर पहिल्या चार ओळींतच पाप, अशुभ, कलंक वगैरे येऊन जातं.

उच्चार आणि उगम

खान्देशात घराघरात हा शब्द "काया" असा बोलला जातो. अहिराणीत ळ चा य होतो, जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये, केळीची केयी, डोळ्याचा डोया, तसंच काळाचं काया आणि काळीचं कायी. लेवा गणबोलीतही हेच, त्यामुळे रावेर-यावल-भुसावळकडेही काया ऐकू येतं. प्रमाण मराठीत काया म्हणजे शरीर, म्हणून बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा गोंधळतो. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितांमध्ये हे काया शेताला लावलेलं येतं आणि पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला तिथे अर्थ समजावून द्यावा लागतो, खान्देशातल्या पोराला लागत नाही.

मूळ शब्द संस्कृत काल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.१.४२) रंगाचा अर्थ असेल तर काल शब्दाचं स्त्रीलिंगी रूप काली होतं असं सांगितलंय, म्हणजे रंगाचा अर्थ निदान तेवढा तरी जुना आहे. वेळ या अर्थाचा काल आणि रंगाचा काल दिसायला एकच, पण ते मुळात एकच शब्द आहेत का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रंगवाल्या कालचा संबंध काही जण द्रविड भाषांशी लावतात, कारण तमिळ-कन्नडमध्ये काळ्यासाठी कार, करि असे शब्द आहेतच, आणि कर्नाटक या नावाची एक व्युत्पत्तीसुद्धा करु-नाडु म्हणजे काळ्या मातीचा देश अशी देतात.

संस्कृतात दोन स्वरांच्या मधे आलेल्या ल चा मराठीत ळ होतो (फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ), आणि खान्देशात त्या ळ ची पुढची पायरी य. म्हणजे काल, काळा, काया हा एकाच शब्दाचा सरळ प्रवास आहे, काया म्हणजे कुणीतरी बिघडवलेली मराठी असं जे शाळेत पोरांना ऐकवलं जातं ते चूक आहे, ळ चा य हा पूर्ण बोलीभर नियमाने होणारा बदल आहे.

याच कुटुंबातला अजून एक शब्द म्हणजे काळीज. संस्कृतात यकृताला कालेय, कालखंड अशी नावं आहेत, त्याच्या गडद रंगावरून पडलेली, त्यातून आपलं काळीज आणि हिंदीतलं कलेजा. आता आपण काळीज म्हणजे हृदय समजतो, पण मटणाच्या दुकानात अजूनही काळीज मागितलं की यकृतच मिळतं, तिथे जुना अर्थ जसाच्या तसा टिकलाय.

काळी म्हणजे जमीन

हा खान्देशातला सगळ्यात मोठा अर्थ. दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो झिजून झिजून जी माती झाली ती तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा या नद्यांनी आणून सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात भरली. तापीकाठी गाळाचा थर काही ठिकाणी शेकडो फूट खोल आहे. काळी म्हटलं की खान्देशातल्या माणसाच्या डोळ्यासमोर हीच भारी जमीन येते, डोंगराकडची मुरमाड हलकी जमीन त्यात धरत नाहीत.

माती काळी आहे म्हणजे तिच्यात भरपूर सेंद्रिय खत आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. या जमिनींत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा एक टक्क्यापेक्षाही कमी भरतो. जो थोडासा ह्युमस (कुजलेला सेंद्रिय भाग) असतो तो तिथल्या बारीक चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतो, आणि बेसॉल्टमधून आलेलं टायटॅनियमवालं मॅग्नेटाइट हे काळं खनिज पण असतं, या सगळ्यातून तो रंग येतो. त्यामुळे रंग बघून शेणखत टाकायचं थांबवणं हा नुकसानीचा सौदा आहे, हे मुद्दाम लिहितोय कारण काळीला काही लागत नाही हे वाक्य अजूनही ऐकू येतं.

तिची खरी ताकद पाणी धरण्यात आहे. या मातीतली चिकणमाती (स्मेक्टाइट गटातली) पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून एप्रिल-मे मध्ये जमिनीला एवढ्या भेगा पडतात की काठी आत जाते, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की सगळं फुगून खालची माती वर ढकलली जाते, असं वर्षानुवर्षं चालतं आणि जमीन आपली आपण खालीवर होत राहते. पावसाळ्यात मात्र हीच जमीन पाय ठेवू देत नाही, चप्पल राहते तिथेच आणि पाय वर येतो, ट्रॅक्टर घातला तर रुतून बसतो, वाफसा येईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. निचरा नसेल आणि वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलं तर ती चोपण होते, क्षार वर येतात, वाळली की दगडासारखी कडक. रावेर-यावल-चोपड्याकडच्या केळीच्या बागांनी ड्रिप एवढं उचलून धरलं त्यामागे विहिरीचं पाणी खोल गेलं हे कारण तर आहेच, पण काळीला हिशोबात पाणी मानवतं हेही आहे.

काळीतलं खास खान्देशी पीक म्हणजे दादर. ही रब्बी ज्वारी, पावसाळा संपल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, वरून पाणी नसलं तरी काळी तिला शेवटपर्यंत पोसते. दादरची भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना हायब्रीड ज्वारी समोर ठेवायची गरज नाही. कापूस तर आहेच, त्याच्यामुळेच या मातीला भूगोलाच्या पुस्तकात कापसाची काळी माती म्हणतात.

काळी आणि पांढरी

जुन्या कागदांमध्ये गावाचे दोन भाग असतात, काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. पाटील हा काळी-पांढरी दोन्हीचा प्रमुख. पांढरी हे नाव नुसतं विरुद्धार्थी म्हणून आलेलं नाही, जिथे शेकडो वर्षं माणसं राहिली तिथे चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण असं साठून जमीन खरंच फिकट आणि भुरभुरीत होते. खान्देशात नदीकाठी अशी पांढरीची टेकाडं बरीच आहेत. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे इथलं टेकाड १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणलं, गिरणाकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळला पण १९५०च्या दशकात उत्खनन झालं, आणि तापीवरच्या सावळदा या गावाचं नाव तर एका ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) संस्कृतीलाच मिळालंय. शेतकरी पिढ्यानपिढ्या पांढरीची माती गाड्या भरभरून काळीत टाकत आलेत, खताला चांगली म्हणून, आणि त्यात किती जुनी घरं, किती खापरं पसरून गेली याचा हिशोब लागणार नाही. याचं फार वाईट वाटतं.

प्रकाशे आणि बहाळला सापडलेल्या भांड्यांमध्ये एक प्रकार काळ्या-तांबड्या भांड्यांचा आहे, आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. भट्टीत भांडं पालथं घालायचं, आत हवा पोचत नाही म्हणून आतली बाजू काळी होते, बाहेर हवा मिळते तिथे तांबडी, असं याचं तंत्र सांगतात. म्हणजे रंग न लावता काळा रंग काढायची कला इथे लोखंडाच्या काळापासून तरी आहे.

चुलीवरचा काळा

खान्देशी काळा मसाला म्हणजे नुसत्या गरम मसाल्याचं दुसरं नाव नाही. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी विस्तवावर धरायची, ती पेट घेते, मग फुंकून विझवायची, बाहेरून कोळसा दिसायला लागते. कांदा सालासकट निखाऱ्यात टाकायचा. बाकी धणे, सुक्या मिरच्या, लवंग, मिरी, मोठी विलायची, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल हे वेगवेगळं तेलावर भाजायचं. दगडफूल विसरलं तर वास येतच नाही, ते फूल नसून दगडावर-झाडाच्या सालीवर वाढणारं शेवाळासारखं काहीतरी, शास्त्रात त्याला लायकेन म्हणतात. हे सगळं वाटलं की रंग काळपट येतो आणि रश्श्यावर लाल तर्री सुटते, खाली काळं वर लाल, शेवभाजी असो, पाटोडीचा रस्सा असो की मटण. हॉटेलात आता कांदा तव्यावर परततात, खोबरं मिक्सरला लावतात आणि रंगासाठी काहीही टाकतात, रंग येतो पण धुरकट चव येत नाही. काळा मसाला हे भाजण्याचं नाव आहे, रंग त्याच्या मागून येतो, असं माझं ठाम मत आहे.

भरिताचं पण तसंच. जळगावकडची वांगी मोठी, हिरवट-पांढरी, भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन पण मिळालंय. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर साल पूर्ण काळी होईपर्यंत भाजतात, साल काढली की आत पांढरंशुभ्र. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत काळे उडीद सालासकट घालून दळलेली, म्हणून करड्या रंगाची. आणि मांडे (पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या) ज्याच्यावर भाजतात ते पालथं खापर, चुलीवर वापरून वापरून काळं झालेलं, नवीन खापरापेक्षा तेच बायका जपून ठेवतात.

नजर, पोत, बिब्बा

बाळाच्या गालाला तीट, पायात काळा दोरा, नव्या घराला काळी बाहुली, गाडीला लिंबू-मिरची आणि बिब्बा. बिब्बा सातपुड्यात होतो, त्याचा रस कपड्याला लागला की धुवून जात नाही म्हणून परीट लोक कपड्यांवर खुणा करायला तो वापरायचे. लग्नात आणि हळदीत काळे कपडे चालत नाहीत पण त्याच लग्नात गळ्यात पडतात ते काळेच मणी, आणि संक्रांतीला नव्या सुनेला काळीच साडी. म्हणजे काळा अशुभ असं सरसकट म्हणणं आपल्याच रीतीत बसत नाही, तो वाईटाला अडवणारा रंग आहे.

माणसाच्या अंगाचा काळा

इथे शब्दाची दुखरी बाजू येते. मराठीत काळ्याच्या छटा नुसत्या गडदपणाने ठरत नाहीत, बोलणाऱ्याच्या मनाने ठरतात. काळाभोर म्हटलं की कौतुक (केस, डोळे, ढग, जमीन), काळाशार पाणी, काळाकुट्ट अंधार, काळाकभिन्न खडक, आणि काळाठिक्कर म्हटलं की हिणवणं. जमीन काळीभोर असली की भाव वाढतो आणि पोरगी काळी असली की बायोडेटात गव्हाळ किंवा निमगोरी लिहिलं जातं. दिवसभर काळीत राबणाऱ्या बाईची कातडी उन्हाने रापते, तिच्याच घरात तिच्या पोरीला रंगावरून बोलतात. हा अर्थ पण शब्दाचा आहे म्हणून लिहिलाच पाहिजे, पण तो मला मान्य नाही. देवाला मात्र कुणी नाव ठेवत नाही, मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते ती काळ्या विठोबाकडेच.

खान्देश नावात काळा आहे का

खान्देश हे नाव फारुकी सुलतानांच्या खान या किताबावरून आलं, असं मानणारा मोठा वर्ग आहे. फारुकींची सत्ता १३८२ ते १६०१, आधी थाळनेर मग बऱ्हाणपूर, शेवटी अकबराने असीरगड घेतला आणि मुलगा दानियालच्या नावावरून सुभ्याला दानदेश म्हणायला लावलं, ते नाव काही टिकलं नाही. दुसरी व्युत्पत्ती कान्हदेश, म्हणजे कान्ह्याचा, कृष्णाचा देश, अहिरांशी जोडलेली. संस्कृत कृष्ण म्हणजे काळा, त्याचं प्राकृत कण्ह, त्यातून कान्ह, तेव्हा ही व्युत्पत्ती धरली तर नावातच काळा रंग येतो. ऐकायला फार गोड आहे, पण लिहिलेल्या पुराव्याने खान या किताबाचं पारडं जड वाटतं.

उसने अर्थ

काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी हे इंग्रजीवरून बेतलेले शब्द, त्यातला काळा बाजार दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनिंगमध्ये घरोघरी पोचला. काळ्या दगडावरची रेघ, काळंबेरं, काळं तोंड करणे हे मात्र आपले. खान्देशात बोलताना उसन्या अर्थासाठी बहुतेक करून इंग्रजी शब्दच चालतो, युरिया टंचाईत जास्त पैसे देऊन घेतला तर तो "ब्लॅकमा" घेतला म्हणतात, आणि काया हा शब्द माती, बैल, ढग, मसाला यांच्यासाठीच वापरतात.