आधी माशाचं तोंड बघा

टाकीत दहा निऑन टेट्रा सोडले होते. आठ महिन्यांनी मोजले तेव्हा सहा भरले. मेलेला मासा एकही सापडला नव्हता, ना फिल्टरच्या स्पंजमागे, ना झाडांच्या मुळाशी. पुढच्या आठवड्यात पाचच उरले. मग एका पहाटे पिण्याचं पाणी भरायला उठलो, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि त्या उजेडात टाकीकडे नजर गेली. रात्री निऑनची ती चमकदार निळी पट्टी विझल्यासारखी होते. अंगाचा रंग उतरतो आणि मासे झाडांच्या आडोशाला जवळजवळ न हलता तरंगत राहतात. त्यांच्या किंचित वर त्याच टाकीतला एक एंजलफिश, म्हणजे आमच्या बोलीत एंजल, तिरका होऊन थांबला होता. क्षणात एक निऑन त्याच्या तोंडात होता, शेपूट अजून बाहेर.

एंजल आणले तेव्हा ते रुपयाच्या नाण्याएवढे होते. दुकानदार म्हणाला होता, ‘शांत मासे आहेत, चालतील एकत्र.’ मलाही ते पटलं, कारण दोन्ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पण एका नदीत राहणारे सगळे एकमेकांचे शेजारी नसतात, काही एकमेकांचं अन्न असतात. पूर्ण वाढलेला एंजल पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो, निऑन तीन-साडेतीनवर थांबतो आणि अंगाने पेन्सिलीसारखा सडपातळ. त्यात मासे भक्ष्याचे लचके तोडत बसत नाहीत. बहुतेक जण जबडा झटकन पुढे काढून तोंडाची पोकळी फुगवतात, पाणी आत खेचलं जातं आणि त्याबरोबर भक्ष्यही. सेकंदाच्या काही शतांश भागात सगळं उरकतं. त्यामुळे स्वभाव शांत की तापट हा प्रश्न नंतरचा. पूर्ण वाढ झाल्यावर कोण कोणाच्या तोंडात मावेल, हे आधी पाहायला हवं.

तेव्हापासून दुकानात गेलो की मी रंगाच्या आधी माशाचं तोंड बघतो. काचेजवळ जाऊन बाजूने नीट पाहिलं तर तोंड बरंच सांगतं. गप्पीचा खालचा जबडा वर वळलेला असतो, म्हणून तो पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपून खातो. डासांच्या अळ्या हवा घ्यायला पृष्ठभागालाच येतात, म्हणून तर नगरपालिका विहिरींत आणि टाक्यांत गप्पी सोडतात. टेट्राचं तोंड सरळ समोर असतं, तो मधल्या पाण्यातला. कोरीडोरास, म्हणजे आपण ज्याला नुसतं कोरी म्हणतो, त्याचं तोंड खाली वळलेलं आणि भोवती मिशा. तो तळाची वाळू चिवडत, चव घेत फिरतो. (टाकीत धारदार खडे असतील तर या मिशा झिजतात, पुढे सडतातही. कोरी ठेवायचा तर बारीक, गुळगुळीत वाळू घाला, ही माझी कळकळीची विनंती.) तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर सुमारे सव्वाशे लिटर पाणी मावतं, वाळू-दगड वजा जाता शंभर-एकशे दहा. एवढ्या पाण्यात वरचे, मधले आणि तळाचे असे मासे नेमले, तर कोणाला कोणाची अडचण होत नाही. सगळेच मधल्या थरातले आणले, तर वरचं नि खालचं पाणी रिकामं आणि मध्ये धक्काबुक्की.

दुसरी गोष्ट संख्येची. ‘प्रत्येकातले दोन-दोन द्या’ हे वाक्य दुकानात सतत ऐकू येतं, आणि टेट्रा, बार्ब, डॅनिओ, कोरी यांच्यासाठी ते फार वाईट आहे. हे कळपाने जगणारे मासे. शिकाऱ्यासमोर वीस सारखे मासे एकदम हलले की त्याला कुठल्याही एकावर नजर ठरवता येत नाही. दोघंच असतील तर हे संरक्षण नाहीसं होतं आणि मासा दिवसभर कोपऱ्यात दबून बसतो. त्यांच्या अंगात भीतीची एक रासायनिक भाषाही असते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी, ज्यांना पुढे 1973 मध्ये नोबेल मिळालं, 1938 मध्ये दाखवून दिलं की मिनो जातीच्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासाने बाकीचे मासे घाबरून पळतात. कार्प, बार्ब, डॅनिओ, टेट्रा, मार्जारमासे (कॅटफिश) या सगळ्या मोठ्या गटात ही यंत्रणा आहे. म्हणजे टाकीत एकाला जखम झाली तर ती बातमी सगळ्यांपर्यंत जाते. सतत ताणाखाली असलेल्या माशाची रोगप्रतिकारशक्ती घटते आणि मग व्हाइट स्पॉट या रोगाचे पांढरे ठिपके दिसायला लागतात. आपण औषधाची बाटली आणतो, पण कारण शेजाऱ्यात असतं.

संख्येने किती फरक पडतो, याचं टायगर बार्ब हे चांगलं उदाहरण. तिघं-चौघं ठेवले तर एंजलचे लोंबते पर, गप्पीची शेपटी, फायटर (बेटा) माशाचा झुलता पिसारा, जे हाताला लागेल ते कुरतडतात. आठ-दहा ठेवले तर त्यांची आपापसात उतरंड लागते आणि बराचसा पाठलाग घरातल्या घरात राहतो. तरीही लांब पराच्या माशांबरोबर मी त्यांना कधीच ठेवणार नाही.

आता पाणी, आणि इथे आपल्या घरचं पाणी ओळखावं लागतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या तलावांतून येतं ते साठवलेल्या पावसाचं हलकं पाणी. बोअरचं पाणी खडकातून झिरपत, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेत येतं. साबणाला फेस येत नसेल, पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर पाणी जड आहे असं धरा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून कल्ल्यांमधून पाणी अखंड आत शिरत राहतं. ते बाहेर टाकायला मासा भरपूर पातळ लघवी करतो आणि त्यात गेलेले क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींनी पुन्हा ओढून घेतो. या कामाला त्याची रोजची ऊर्जा लागते. मॉली हा क्षारयुक्त, प्रसंगी खाडीच्या मचूळ पाण्यातही राहणारा मासा. त्याला अगदी हलक्या पाण्यात टाकलं की तो पुढे न जाता जागच्या जागी थरथरत डोलायला लागतो. निऑन आणि त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा याच्या उलट, जवळजवळ क्षार नसलेल्या, पानं कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या ओढ्यांतले. फार्मवर वाढलेले निऑन बऱ्यापैकी जड पाण्यात तग धरतात खरे, पण मॉली आणि निऑन एका टाकीत ठेवले की दोघांपैकी एकावर अन्याय होतोच.

तापमानाचंही तसंच. गोल्डफिश हा थंड पाण्यातला कार्पच्या कुळातला मासा, डिस्कसला 28-30 अंश लागतात. त्यांना एकत्र बघितलं की मला त्रास होतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. नेमकी उन्हाळ्यातच माशाची गरज वाढलेली असते, आणि त्याच दिवसांत दुपारी वीज जाऊन एअर पंप बंद पडतो. गुरामी आणि फायटर यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर थेट हवेतून श्वास घेणारा अवयव असतो, ते निभावून नेतात. गच्च भरलेल्या टाकीतले बाकीचे मासे तासाभरात वर येऊन तोंड उघडमिट करायला लागतात. बॅटरीवर चालणारा पंप घरात ठेवा.

‘चार लिटरला एक इंच मासा’ हा हिशेब अजून सांगितला जातो. तो विसरा. लांबी दहापट झाली की त्याच घडणीच्या माशाचं वजन हजारपट होतं. म्हणजे दहा इंचांच्या एका माशाचं वजन एक-एक इंचाच्या दहा माशांच्या शंभरपट. दुकानात बोटाएवढा दिसणारा सकर, ‘काच साफ करतो’ म्हणून खपवला जाणारा, फुटाच्या वर जातो, आणि मोठा झाला की शेवाळ सोडून तयार खाद्यावरच टपतो. ‘शार्क’ म्हणून चार इंचांचा जो रुपेरी-काळा मासा विकतात, तो पंगास, हॉटेलात ज्याची बासा फिलेट मिळते तोच. तो मीटरभर वाढतो. असे मासे टाकीत मावेनासे झाले की लोक त्यांना तळ्यात, नदीत सोडून देतात. भारतातल्या अनेक पाणथळ जागांमध्ये सकर असाच पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. कृपा करून सोडू नका.

आणि मासे आणण्याआधी टाकीत जिवाणू हवेत. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे जातात. अमोनियाचं विषारी रूप पाण्याच्या सामूवर ठरतं. सामू, म्हणजे पीएच, 7 असेल तर एकूण अमोनियाचा शंभरावा भागही विषारी नसतो, 8 असेल तर हे प्रमाण जवळपास दहापट होतं. बोअरच्या पाण्याचा सामू बहुधा चढा असतो, त्यामुळे तिथे घाई जास्त महागात पडते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला तर क्लोरीनने वस्ती मरते.

मग आणायचं काय? जड पाण्याला माझी पसंती सहा-सात प्लाटी, त्यांत एका नरामागे दोन-तीन माद्या, आठ झेब्रा डॅनिओ आणि तळाला सहा ब्राँझ कोरी. प्लाटी पिल्लं घालतच राहतात, ती कुणाला द्यायची हे आधी ठरवा. हलक्या पाण्याला बारा कार्डिनल, सहा स्टर्बाय कोरी आणि हनी गुरामीची एक जोडी. किनारपट्टीच्या उबदार घरात निऑनपेक्षा कार्डिनल आणि ब्राँझपेक्षा स्टर्बाय जास्त सुखाने राहतात. सगळे एकदम आणू नका. आधी कळप सोडा, त्यांना दोन-तीन आठवडे रुळू द्या, आणि गुरामीसारखा जागा राखणारा मासा सगळ्यात शेवटी.

झेब्रा डॅनिओबद्दल मला विशेष ममता आहे. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या उथळ ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा हा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात नोंदवला. डॅनिओ हे नाव बंगाली ‘धानी’वरून, धानाच्या शेतातला तो धानी. आज जगभरच्या प्रयोगशाळांत याच माशाच्या पारदर्शक अंड्यांमध्ये हृदय कसं घडतं ते पाहतात. दुकानात तो सगळ्यात स्वस्त म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. आठ-दहा आणा आणि फिल्टरच्या प्रवाहात उलटे पोहताना बघा.

माझे एंजल त्याच टाकीत आहेत, सोबतीला फक्त कोरी. कोऱ्यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं कवच आहे, परांना टणक काटे आहेत आणि अंग भरदार, त्यामुळे एंजल त्यांच्या वाटेला जात नाहीत. उरलेले चार निऑन दोन फुटी टाकीत हलवले, आणखी आठ आणून महिनाभर वेगळे ठेवले आणि मग त्यांच्यात सोडले. रात्री दिवा मालवला की त्यांची निळी पट्टी फिकी होत जाते. सकाळी दिवा लावताना मी मोजतो. बारा असतात.