कायदा आणि कवायत

शाळेच्या मैदानावरची कवायत हे कायद्याचंच अनेकवचन आहे. मराठीत हे नातं दिसत नाही. उर्दूतल्या ‘क़ायदा’ या नामाकडे पाहिलं की लख्ख दिसतं.

अरबीत क़ाफ-ऐन-दाल या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ ‘बसणं’. त्यावरून ‘क़ाइदा’ म्हणजे बैठक, पाया आणि पुढे नियम. उर्दू उच्चारात घशातला ‘ऐन’ गळाला, लिहिताना मात्र तो आजही लिहावा लागतो. जिनांच्या ‘क़ायदे-आज़म’ या पदवीतला ‘क़ायद’ म्हणजे नेता, आणि तो अगदी वेगळ्या धातूचा. त्यात ऐन नाही. देवनागरीत हा फरक पुसला जातो.

अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे. उर्दूत आला तो पुल्लिंगी झाला, कारण बोलणाऱ्यांनी शेवटचा ‘आ’ ऐकला आणि त्याला ‘लड़का’च्या रांगेत बसवलं: क़ायदा, क़ायदे से, क़ायदों में. ‘मदरसा’चंही असंच झालं. लिंग कुळावरून न ठरता कानावरून ठरलं, आणि मला यात भाषेची खरी ताकद दिसते.

अनेकवचनं मात्र दोन आहेत. एक देशी, ‘क़ायदे’. दुसरं अरबी, ‘क़वाइद’. अरबीत अनेकवचन करताना पुष्कळदा शेवटी प्रत्यय लागत नाही. धातूची व्यंजनं तीच राहतात आणि शब्दाचा आतला साचा बदलतो. फ़ायदा-फ़वाइद, ज़ाबिता-ज़वाबित (आपल्या ‘दिवाणी जाबत्या’तला, म्हणजे दिवाणी दाव्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्यातला, जाबता तो हाच). ‘क़वाइद’ म्हणजे नियम, म्हणून व्याकरणही. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या वाढीसाठीच्या संस्थेचा कारभार अनेक वर्षं औरंगाबादेतून चालवणाऱ्या मौलवी अब्दुल हक़ यांच्या व्याकरणाचं नावच ‘क़वाइद-ए-उर्दू’ आहे. फौजेत नियमाबरहुकूम हालचाली करतात, त्यांनाही हाच शब्द लागला. तिथे तो अनेकवचन असल्याचं लोक विसरले आणि ‘क़वायद हो रही है’ असं स्त्रीलिंगी एकवचनात बोलू लागले. मराठीतली ‘ती कवायत’ याच अर्थाची.

अर्थाची वाट मात्र फुटली. मराठीत कायदा म्हणजे सरकारचा. उर्दूत त्यासाठी ‘क़ानून’ आहे. ‘क़ायदा’ म्हणजे नियम, रीत, आणि मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तकसुद्धा. म्हणून ‘वो बाक़ायदा रियाज़ करता है’ या वाक्यात कोर्टकचेरी कुठेच नाही. तो नेमाने रियाज करतो, एवढंच.